रेडिओ बटणांचा गट म्हणजे एक प्रश्न: माती-पाणी नमुन्याच्या फॉर्मवरून स्क्रिप्ट कशी लिहावी

फॉर्ममध्ये रेडिओ बटणं दिसायला सगळ्यांत सोपी. गोल, त्यात ठिपका, शेजारी एक-दोन शब्द. पण स्क्रिप्ट लिहायला बसलं की नवी मुलं हमखास इथेच अडतात. डोळ्यांना तीन-चार गोल दिसतात, म्हणून स्क्रिप्टही तीन-चार सुट्या वस्तूंसाठी लिहिली जाते: हा निवडला तर हे कर, तो निवडला तर ते कर, आणि प्रत्येकासाठी वेगळं फंक्शन. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी एकच गोष्ट पक्की करायला लावते. गट हा एक प्रश्न आहे. स्क्रिप्टने त्या प्रश्नाचं उत्तर विचारायचं, आणि ‘अजून काहीच निवडलेलं नाही’ हेही एक उत्तर म्हणून धरायचं. पुढचं सगळं या दोन वाक्यांतून निघतं.

मी तासगाव भागात द्राक्ष बागायतदारांच्या कामासाठी आणि माती-पाणी तपासणाऱ्यांसाठी छोटे वेब फॉर्म करून देते. उदाहरण तिथलंच घेते. नमुना नोंदणीच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो, नमुना कशाचा? माती, पाणी की पान-देठ. माती म्हटलं तर वरच्या फुटातली की खालच्या फुटातली ते विचारायचं. पाणी म्हटलं तर विहीर, बोअर, कालवा की शेततळं. देठ म्हटलं तर कुठल्या छाटणीनंतरचा, खरड की ऑक्टोबर, आणि छाटणी होऊन किती दिवस झाले. एका शेतकऱ्याचे दोन-तीन प्लॉट असतात, त्यामुळे हीच प्रश्नावली एका फॉर्ममध्ये पुन्हा पुन्हा येते. रेडिओ बटणांच्या बहुतेक सगळ्या अडचणी एवढ्याशा फॉर्ममध्ये भेटतात.

कोड मी फोनवर सहकाऱ्याला सांगते तसा बोलून सांगणार आहे. टाइप तुम्ही करा. हाताने टाइप केलेली ओळ डोक्यात बसते.

गट नीट बांधा

तीन इनपुट घ्या, तिन्हींचा टाइप रेडिओ. तिन्हींना नेम (गटाचं नाव) अगदी एकच, व्हॅल्यू (सर्व्हरकडे जाणारं उत्तर) प्रत्येकाची वेगळी, आयडीही वेगळा. ‘एक निवडला की दुसरा सुटतो’ हे ब्राउझर फक्त नेम पाहून करतो, आणि तेही एकाच फॉर्मच्या हद्दीत. नेम द्यायचं राहिलं तर प्रत्येक गोल स्वतंत्र होतो: तिन्ही एकदम भरता येतात आणि एकदा भरलेला परत रिकामा करता येत नाही. व्हॅल्यू द्यायची राहिली तर सर्व्हरकडे नुसता ‘ऑन’ हा शब्द जातो. तीनपैकी कुठला ऑन, ते कुणालाच कळत नाही.

तिन्हींभोवती फील्डसेट, म्हणजे एका प्रश्नाची चौकट, घाला आणि त्याच्या आत पहिल्यांदा लेजंडमध्ये, म्हणजे चौकटीच्या शीर्षकात, प्रश्न लिहा: ‘नमुना कशाचा आहे?’ स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला नुसतं ‘पाणी’ ऐकू आलं तर काय समजणार? लेजंड असेल तर आधी प्रश्न ऐकू येतो, मग पर्याय. प्रत्येक इनपुट त्याच्या लेबलच्या आतच ठेवा, म्हणजे शब्दावर बोट टेकलं तरी निवड होते. लेबलला भरपूर पॅडिंग द्या. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या ऑक्टोबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दाबायच्या जागेचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल धरला आहे. बागेत उन्हात उभं राहून फोनवर फॉर्म भरणाऱ्यासाठी मी त्याच्या दुप्पट ठेवते.

आता व्हॅल्यू मराठीत लिहावी का? लिहिता येते. पान यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवणाऱ्या अक्षर-संकेतात) असेल तर ती सर्व्हरपर्यंत नीट पोचतेही. तरी मी व्हॅल्यू कायम छोट्या रोमन अक्षरांत ठेवते आणि मराठी फक्त लेबलमध्ये. याला कारण आहे, आणि ते मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. पाण्याच्या प्रश्नात ‘शेजाऱ्याकडून’ असा एक पर्याय आहे समजा. यातला आडवा रफार संगणकात तीन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो: ऱ हे एकसंध अक्षर आणि हलन्त, साधा र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. स्क्रिप्टमध्ये तीन बरोबरची चिन्हं टाकून तुलना केली की उत्तर ‘वेगळे’ असं येतं. नॉर्मलाइज हे फंक्शन एनएफसी पद्धतीने (तुटक चिन्हांचं एकसंध अक्षर करणाऱ्या) चालवलं तर पहिले दोन एक होतात, पण जोडचिन्हाचा तिसरा तसाच वेगळा राहतो. एचटीएमएल एकाने एका कीबोर्डवर लिहिलं आणि स्क्रिप्ट दुसऱ्याने दुसऱ्यावर, तर हा घोळ दिवसभर शोधूनही सापडत नाही. म्हणून व्हॅल्यू यंत्रासाठी, लेबल माणसासाठी.

आधीपासून काही निवडून ठेवू नका

१९९५ च्या नोव्हेंबरात टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनॉली यांनी एचटीएमएल २.० चं विवरण आरएफसी १८६६ (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांक दिलेला दस्तऐवज) म्हणून मांडलं. त्यात नियम होता की गटातलं एक बटण नेहमी निवडलेलं असलंच पाहिजे, आणि पान लिहिणाऱ्याने कुठलंच निवडलं नसेल तर ब्राउझरने पहिलं निवडावं. पुढे तो नियम गेला. आजच्या ब्राउझरमध्ये तुम्ही चेक्ड लिहिलं नाही तर गट रिकामाच उघडतो. पण ती जुनी सवय अजून बऱ्याच फॉर्ममध्ये दिसते: पहिल्या पर्यायावर चेक्ड लावलेलंच असतं.

आमच्या फॉर्ममध्ये याचा परिणाम काय होईल पाहा. ‘माती’ आधीच निवडलेली आहे. घाईत असलेला माणूस नाव, गट नंबर, फोन भरून सबमिट दाबतो. प्रयोगशाळेत बाटली येते पाण्याची आणि नोंद मातीची. रिकामं उत्तर निदान दिसतं, फोन करून विचारता येतं. चुकीचं उत्तर खऱ्या उत्तरासारखंच दिसतं, ते शोधणार कसं? नव्याण्णव टक्के लोक जे निवडतील तेच निवडून ठेवलंय, असं कुणी म्हणालं तरी मी ऐकत नाही. जिथे उत्तरावर पुढची तपासणी ठरते तिथे गट रिकामाच उघडला पाहिजे.

याची दुसरी बाजूही सांभाळायची. रेडिओ बटण एकदा निवडलं की ते परत दाबून सुटत नाही. त्यामुळे ज्या प्रश्नाचं उत्तर शेतकऱ्याला खरोखर माहीत नसेल तिथे ‘सांगता येत नाही’ हा पर्याय द्या. आणि एकाच वेळी दोन उत्तरं खरी असू शकत असतील, म्हणजे विहिरीचं आणि कालव्याचं पाणी एकाच टाकीत येत असेल, तर तो प्रश्न रेडिओ बटणांचा नाहीच. तिथे चेकबॉक्स.

उत्तर वाचणं

मला आवडणारी पद्धत क्वेरीसिलेक्टरची, म्हणजे वर्णन देऊन पानावरची वस्तू शोधायची. सिलेक्टर असा: इनपुट, चौकोनी कंसात नेम बरोबर ‘नमुना’, कंस बंद, मग कोलन चेक्ड. हा थेट निवडलेला इनपुट देतो. काहीच निवडलेलं नसेल तर नल (‘काहीच नाही’) देतो, आणि नलला व्हॅल्यू विचारली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत) लाल अक्षरांत टाइपएरर येतो, पण शेतकऱ्याला कन्सोल दिसत नाही. त्याला फक्त ‘बटण दाबलं तरी काही होत नाही’ एवढंच दिसतं. म्हणून डॉटच्या आधी प्रश्नचिन्ह टाका, म्हणजे ऑप्शनल चेनिंग वापरा, आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं देऊन रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) ठेवा. मग उत्तर नसेल तेव्हा रिकामी स्ट्रिंग हातात येते.

दुसरी पद्धत फॉर्मच्या एलिमेंट्स संग्रहातून नेमने मागायची. तिथे रेडिओनोडलिस्ट, म्हणजे त्या गटातल्या बटणांची यादी, मिळते आणि तिला स्वतःलाच व्हॅल्यू असते: निवडलेल्याची, किंवा काही नसेल तर रिकामी स्ट्रिंग. सुरेख सोय आहे, फक्त एका ठिकाणी फसवते. त्या नेमचा एकच इनपुट फॉर्ममध्ये असेल तर यादी मिळत नाही, तो इनपुटच मिळतो, आणि त्याची व्हॅल्यू तो निवडलेला नसला तरी येते. पर्याय डेटाबेसमधून येत असतील आणि एखाद्या दिवशी तिथे एकच पर्याय उरला, तर न दिलेलं उत्तर दिल्यासारखं नोंदलं जातं. पर्यायांची संख्या बदलती असेल तिथे ही पद्धत मी वापरत नाही.

सबमिटच्या वेळी सगळा फॉर्म एकदम वाचायचा असेल तर फॉर्मडेटा. तो फॉर्ममधली उत्तरं नेमनुसार गोळा करतो. त्यात निवड न केलेल्या गटाची किल्लीच, म्हणजे नेमच, नसते, गेट म्हटलं तर नल येतो. सर्व्हरवरच्या माणसालाही हे सांगून ठेवा: रिकामं उत्तर ‘रिकामं’ म्हणून येत नाही, ते येतच नाही.

जुन्या साइटवर जेक्वेरी (जावास्क्रिप्टची एक तयार लायब्ररी) असेल तर लक्षात ठेवा, गटावर नुसतं व्हॅल म्हटलं तर पहिल्या बटणाची व्हॅल्यू येते, निवडलेल्याची नाही. सिलेक्टरमध्ये कोलन चेक्ड लागतंच. आणि बटण निवडायचं असेल तर अॅट्र नको, प्रॉप वापरा: पहिलं फॉर्मची मूळची स्थिती बदलतं, दुसरं आत्ताची. २०११ मध्ये १.६ आवृत्तीत प्रॉप आलं ते याच फरकासाठी.

बदल ऐकणं

प्रत्येक बटणाला वेगळा लिसनर (घडलेल्या गोष्टीची वाट पाहणारं फंक्शन) लावू नका. फील्डसेटवर किंवा फॉर्मवर चेंज, म्हणजे ‘उत्तर बदललं’ या इव्हेंटचा, एकच लिसनर लावा. चेंज वर चढत येतो, म्हणून तिथे तो पोचतोच. एक गोष्ट मात्र मुलांना चकित करते. माती सोडून पाणी निवडलं तर चेंज फक्त पाण्याच्या बटणावर होतो. मातीचं बटण सुटलं, त्याला काहीच कळवलं जात नाही. त्यामुळे ‘माती सुटली की मातीचे प्रश्न लपव’ असं मातीच्या बटणावर लिहिलेलं फंक्शन कधीच चालणार नाही. गटाला एक प्रश्न मानलं की ही अडचण उरत नाही. चेंज झाला की पुन्हा विचारा, आत्ता उत्तर काय आहे, आणि त्यावरून सगळा फॉर्म मांडा.

मी त्यासाठी एकच फंक्शन लिहिते, नाव ठेवते ‘मांडणी’. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं आणि फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं. मांडणी आधी उत्तर वाचते. मग तिन्ही उपप्रश्नांच्या फील्डसेटवरून फिरते. ज्याचा डेटा-प्रकार (हे प्रश्न कुठल्या उत्तराचे, ते सांगणारी आपण लावलेली खूण) उत्तराशी जुळतो त्याचं हिडन (लपलेलं) आणि डिसेबल्ड (बंद) दोन्ही फॉल्स करते, बाकीच्यांचं ट्रू.

डिसेबल्ड का, नुसतं लपवणं का पुरत नाही? फॉर्मचा सगळ्यांत वाईट बिघाड इथे लपलेला असतो. समजा ‘विहीर की बोअर’ या गटावर रिक्वायर्ड (उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन) आहे आणि तो भाग सीएसएसने नुसता लपवलाय. शेतकऱ्याने माती निवडली, सबमिट दाबलं. ब्राउझर तपासणीत अडतो, कारण पाण्याचा प्रश्न रिकामा आहे. चूक दाखवायला तो त्या बटणावर जाऊ पाहतो, पण ते लपलेलं. मग पडद्यावर काहीच दिसत नाही आणि फॉर्मही जात नाही. फील्डसेट डिसेबल्ड केला की आतलं सगळं तपासणीतूनही वगळलं जातं आणि सर्व्हरकडेही जात नाही. सीएसएसमधल्या हॅज सिलेक्टरने (आत काय निवडलंय ते पाहून बाहेरच्या भागाला नियम लावणाऱ्या) हे लपवणं-दाखवणं स्क्रिप्टशिवाय करता येतं. सफारीत मार्च २०२२ पासून, क्रोममध्ये ऑगस्ट २०२२ पासून आणि फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ पासून ते चालतं, आणि दिसण्यापुरतं ते छानच आहे. पण सीएसएसला डिसेबल्ड करता येत नाही, म्हणून अशा फॉर्ममध्ये स्क्रिप्ट लागतेच.

लपवताना आतली भरलेली उत्तरं पुसू नका. कीबोर्डवर टॅबने गटात शिरलं की बाण दाबून पर्याय बदलतो, आणि प्रत्येक बाणाला निवड होते, चेंजही होतो. मातीवरून देठावर जाताना माणूस वाटेत पाण्यावर थांबतोच. त्या क्षणी मातीची खोली पुसली आणि तो परत मातीवर आला, तर त्याचं भरलेलं गेलं. याच कारणाने चेंज होताच फॉर्म सबमिट करणं किंवा दुसऱ्या पानावर नेणंही टाळा. माऊसवाल्याला ते झटपट वाटतं, कीबोर्डवाल्याला पहिल्या पर्यायाच्या पुढे जाताच येत नाही.

स्क्रिप्टने निवडणं, रीसेट, रिलोड

जुनी नोंद दुरुस्तीसाठी उघडली तर स्क्रिप्टला गट भरावा लागतो. त्या बटणाची चेक्ड प्रॉपर्टी ट्रू करा, बाकीची आपोआप सुटतात. सेटअॅट्रिब्यूट करू नका. अॅट्रिब्यूट म्हणजे फॉर्मची मूळची स्थिती. माणसाने एकदा हात लावला की अॅट्रिब्यूट बदलून पडद्यावर काहीच हलत नाही. आणि स्क्रिप्टने निवड केली तर चेंज होत नाही, म्हणून त्यानंतर मांडणी आपण स्वतः बोलवायची.

रीसेटलाही तेच. रीसेट इव्हेंट येतो तो फॉर्म पूर्वस्थितीवर जायच्या आधी, त्यामुळे लिसनरमध्ये लगेच वाचलं तर जुनं उत्तर मिळतं. शून्य वेळाचा सेटटाइमआउट लावून (म्हणजे हातातलं काम संपताच चालेल असं सांगून) त्यात मांडणी बोलवा. फायरफॉक्स पान रिलोड केल्यावर भरलेली उत्तरं जपून ठेवतो, आणि मागे जाऊन परत आल्यावर इतर ब्राउझरही ती परत आणतात. गोल भरलेला, पण खालचे प्रश्न गायब, असं तेव्हा दिसतं. पेजशो, म्हणजे पान समोर आल्यावर होणाऱ्या इव्हेंटवरही मांडणी बोलवली की हे सुटतं.

रिक्वायर्ड गटातल्या एका बटणावर लावलं तरी सगळ्या गटाला लागू होतं. मी सगळ्यांवर लावते, वाचणाऱ्याला हेतू कळतो. ब्राउझरचा संदेश ब्राउझरच्या भाषेत येतो, आणि बहुतेकांच्या फोनची भाषा इंग्रजी असते. म्हणून मांडणीतच पहिल्या बटणावर सेटकस्टमव्हॅलिडिटी (चुकीचा आपला संदेश ठरवणारं फंक्शन) लावा: उत्तर रिकामं असेल तर ‘नमुना कशाचा ते निवडा’, असेल तर रिकामी स्ट्रिंग. ही रिकामी स्ट्रिंग विसरलात तर निवड करूनही फॉर्म कधीच पुढे जाणार नाही.

‘आणखी प्लॉट जोडा’

या बटणामागे जी स्क्रिप्ट असते तिथे रेडिओ गट सगळ्यांत जास्त तुटतात. साधा विचार असा असतो: पहिल्या प्लॉटच्या भागाची प्रत क्लोननोडने काढायची आणि खाली चिकटवायचा. पण नेम तेच राहिलं, म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने दोन्ही प्लॉट एकाच प्रश्नात आले. क्लोनबरोबर निवडही उतरते, आणि प्रत पानावर येताच मूळ प्लॉटची निवड सुटते. शेतकऱ्याने पहिल्या प्लॉटला माती भरली होती, दुसरा प्लॉट जोडला, आणि वरचं उत्तर नाहीसं झालं. तो वर स्क्रोल करून पाहणार नाही.

आयडीही तेच राहिले आणि लेबल फॉर वापरून (इनपुटचा आयडी सांगून) जोडलेली असतील, तर दुसऱ्या प्लॉटच्या ‘पाणी’ या शब्दावर टेकलेलं बोट पहिल्या प्लॉटचं पाणी निवडतं. लेबलच्या आत इनपुट ठेवा, असं मी वर सांगितलं त्यातला मोठा फायदा इथे मिळतो: फॉर लागतच नाही, आयडीशिवायही भागतं.

क्लोन करण्यापेक्षा टेम्प्लेट एलिमेंटमध्ये (पानावर न दिसणाऱ्या साच्यात) एक कोरा प्लॉट ठेवा. त्याची प्रत काढा, आतल्या प्रत्येक नेमच्या शेवटी प्लॉटचा क्रमांक जोडा, आणि मगच ती फॉर्ममध्ये घाला. क्रम महत्त्वाचा: आधी नेम, मग जोडणी. क्रमांक वाढताच ठेवा. मधला प्लॉट काढला तर त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, नाहीतर दोन प्लॉटची नेम्स पुन्हा एक होतील. मांडणीला आता सगळा फॉर्म देऊ नका, फक्त एक प्लॉट द्या. चेंजच्या लिसनरमध्ये इव्हेंटच्या टार्गेटवरून (बदललेल्या बटणावरून) क्लोजेस्टने वर शोधत जाऊन तो प्लॉट शोधा आणि त्याच्या आतच क्वेरीसिलेक्टर चालवा. सिलेक्टरमध्ये नेम पूर्ण जुळवायची गरज नाही, बरोबरच्या चिन्हाआधी टोपीचं चिन्ह टाकलं की ‘नमुना’ने सुरू होणारं नेम सापडतं.

सर्व्हरवर पोचलेल्या प्रत्येक नमुन्याचं उत्तर पुन्हा ठरलेल्या यादीशी ताडून पाहा. पानावर तीनच गोल आहेत म्हणून तीनच उत्तरं येतील असं नाही, विनंती कुणालाही हाताने तयार करून पाठवता येते. आणि फॉर्म प्रयोगशाळेकडे देण्याआधी माऊस बाजूला ठेवून तो एकदा पूर्ण भरा: टॅब, बाण, स्पेस. मग दोन प्लॉट जोडून, मधला काढून, रिलोड करून पाहा.